आडनाव कोणाच्या वहीत लिहिले गेले? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नावे आणि आडनावे यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकच होता : ‘या आडनावावरून आमचे मूळ कोणते, ते सांगा.’ येथे आरंभीच सांगून ठेवलेले बरे की, आडनाव म्हणजे बहुधा कोणा कारकुनाने, सैन्यातल्या हजेरीनविसाने, पाद्र्याने किंवा शाळामास्तराने आपल्या कामाच्या सोयीसाठी केलेली नोंद असते. ती नोंद कोणत्या काळी आणि कशासाठी झाली असावी, हे पुष्कळदा सांगता येते. तिच्यावरून रक्ताचा निवाडा करता येत नाही.

प्रश्न : आमचे आडनाव फडणीस. घराण्यात कीर्तनकार झाले, वैद्य झाले. फारसी जाणणारा कोणी झाल्याचे मात्र ऐकिवात नाही. तरीही हे आडनाव फारसी असल्याचे सांगतात, ते खरे काय? — एक वाचक, सांगली

खरे आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस या सर्व आडनावांच्या शेवटी असलेला ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’चा झिजलेला अवशेष असून त्याचा अर्थ लिहिणारा असा होतो. चिठ्ठ्यापत्रे लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस. कारखानीस म्हटल्यावर आज डोळ्यांपुढे धुराडे येते. पण त्या काळी कारखाना म्हणजे कोठी, भांडार, जिन्नसखाना. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी एकमेकांना पूरक आणि एकमेकांवर पहारा म्हणूनही नेमलेले असत. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीचे व पत्रांचे दप्तर सबनिसाकडे आणि दाणागोटा-दारूगोळ्याचा हिशेब कारखानिसाकडे, अशी ती वाटणी होती. आज हवालदार, सबनीस आणि कारखानीस ही तिन्ही आडनावे एकाच सोसायटीच्या पाट्यांवर सहज सापडतील.

तेव्हा आपल्या पूर्वजांना फारसी काव्य वाचता येत होते की नाही, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. बहमनी राज्यापासून पुढे दख्खनेत कारभाराची परिभाषाच फारसी झाली होती आणि पदाचे नाव फारसी असले, तरी त्या पदावरचा मनुष्य आपले हिशेब मोडीत, मराठीतच लिहीत असे. शिवाजी महाराजांनी ही परिभाषा बदलण्याचा निश्चयपूर्वक प्रयत्न केला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची नावे संस्कृत केली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. पुढे बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव ही घराणी त्या संस्कृत पदांनीच ओळखली गेली. पण ही मोजकी घराणी सोडली, तर लोकांच्या तोंडची जुनी नावे हलली नाहीत. आज मुजुमदार, डबीर, पेशवे, वाकनीस सर्वत्र आढळतात. सुमंत त्या मानाने विरळाच. मुजुमदार तर बंगालमध्येही ‘मजुमदार’ म्हणून नांदतात, कारण महसुलाच्या हिशेबाचे तेच फारसी पदनाम तिकडेही चालत होते. त्या दोन घराण्यांत नाते शोधण्याचे कारण नाही.

पदावरून आडनाव पडताना त्याखालचे जुने आडनाव कसे झाकले जाते, याची दोन उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. १७१३मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली आणि पुढे पदच आडनाव झाले. नाना फडणवीस हे वेळासच्या भानू घराण्यातले बाळाजी जनार्दन. आपल्याही घरी एखादे जुने आडनाव असण्याचा बराच संभव आहे. ते कुलाचाराच्या वहीत, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडील नामावळीत किंवा गावाकडील जमिनीच्या जुन्या उताऱ्यात सापडते.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवतो. पदे जशी सर्व समाजांत वाटलेली होती, तशी त्यांवरून आलेली आडनावेही सर्वांत आढळतात. पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, आगरी असतो, मुसलमानही असतो. इनामदार आणि देशमुख यांच्या दारी ईद साजरी होते तशी दिवाळीही होते. कोकणी मुसलमानांत दळवी, खोत आणि मुकादम पुष्कळ आहेत. आडनाव ऐकून जात ताडणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, परंतु त्यांचा अंदाज किती वेळा चुकतो याचा हिशेब ते ठेवीत नसावेत. ही पदेही कायद्याने केव्हाच गेली : परगणा व कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या कायद्याने आणि मुलकी पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने रद्द झाले. कुलकर्णी आणि पाटील मात्र दूरध्वनीच्या यादीत पानोपानी राहिले.

प्रश्न : चौगुले म्हणजे ‘चार गुणांचे’ असे आमचे आजोबा सांगत. आणि सर्व जाधव देवगिरीच्या यादवांचे वंशज, हे कितपत खरे? — एक वाचक, इचलकरंजी

आजोबांची व्युत्पत्ती गोड आहे, पण चौगुला हा पाटलाच्या हाताखालचा गावकामगार होय. पाटील-कुलकर्ण्यांसोबत त्याचाही उल्लेख जुन्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, येतो. आडनाव सोपे दिसले की कथा रचण्याचा मोह होतोच. गायकवाड आडनावाविषयीची, किल्ल्याच्या कवाडातून गायींना वाचवल्याची कथा तशीच आहे.

यादवांपासून जाधव होणे भाषेच्या दृष्टीने सरळ आहे. शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे ही आपल्याकडची जुनी रीत. यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी तसाच झाला. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाबाईंचे वडील, यांचे घराणे स्वतःला यादवकुळातले म्हणवीत असे. कदंबांवरून कदम आणि शिलाहारांवरून शेलार ही जोडही याच धाटणीची सांगितली जाते. आडनावाचा उगम असा असू शकतो, एवढेच येथे म्हणता येईल; कारण जाधव, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पसरलेली आहेत आणि सरदाराचे आडनाव त्याच्या पदरी असलेल्या माणसांनी, गावातल्या इतर घरांनी घेतल्याशिवाय असा पसारा झालेला नाही.

प्रश्न : पेण, रोहा, अलिबाग या भागांत जुन्या ज्यू कुटुंबांची आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी कशी? त्यांनी ती केव्हा घेतली? — एक वाचक, पनवेल

हा प्रश्न आल्याचा आम्हांला विशेष आनंद झाला, कारण ‘कर’ लावण्याची आपली रीत कशी चालते, हे कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजाच्या, आडनावांत जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

या समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नावे त्यांनी बायबलातलीच ठेवली, पण ती कोकणी जिभेवर फिरून निराळी झाली : अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी. हसाजी हे नाव वहीत वाचणाऱ्याला त्यामागे हिब्रू संदेष्टा आहे, अशी पुसटशी शंकाही येणार नाही.

आता ‘कर’विषयी. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणात कोणी पेणकर म्हणत नाही. तेथे सगळेच पेणचे. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसालाच गावाचे नाव चिकटते. अठराव्या शतकात बेने इस्रायल कुटुंबे मुंबईस येऊ लागली, पुष्कळजण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत भरती झाले आणि एकाच पलटणीत अबाजी, समाजी, हसाजी अशी तीच ती नावे असलेली माणसे जमल्यावर त्यांना वेगळे ओळखण्यासाठी गाव लावणे सोयीचे ठरले असावे. किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर, तळ्याचे तळकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, असा रायगड जिल्ह्याचा नकाशाच या आडनावांत उमटलेला आहे. हिंदी चित्रपटांतले लोकप्रिय चरित्र अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे कित्येकांना ठाऊक नसते.

यांतील एका माणसाची कथा सांगण्याजोगी आहे. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनीच्या सैन्यात होते. टिपूविरुद्धच्या लढाईत ते कैद झाले आणि सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस त्यांनी केला, असे परंपरेने सांगितले जाते. १७९६मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात बांधलेले ‘शार हारहमीम’ हे शहरातले पहिले सिनेगॉग. त्याला ‘जुनी मशीद’ असेही म्हणतात. समाजी हसाजी दिवेकर या एका नावात बायबलातले दोन पुरुष, मराठी ‘जी’ आणि कोकणातले गाव एकत्र नांदतात.

१९४८नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. लोद, रामला, अश्दोद, दिमोना या गावांत आजही दारांवर ‘कर’ची आडनावे हिब्रू लिपीत आढळतात, तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आले. पेणकरांच्या ज्या पिढीने पेण पाहिलेले नाही, तिच्याजवळ पेणचा पत्ता आहे.

प्रश्न : आमचे आडनाव रॉड्रिग्ज, पण वडील म्हणत की आपण मूळचे प्रभू. आमच्या पूर्वजांपैकी कोणी पोर्तुगीज होते काय? — एक वाचक, म्हापसा

केवळ आडनावावरून तसे मुळीच मानू नये. गोव्यात, साष्टीत आणि वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव व आडनाव दिले जाई. ते बहुधा धर्मपित्याचे, म्हणजे बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज गृहस्थाचे किंवा विधी करणाऱ्या पाद्र्याचे असे. त्यामुळे एका पोर्तुगीज अधिकाऱ्याचे आडनाव एकाच दिवशी अनेक घरांना लागू शके आणि त्या घरांचे परस्परांशी वा त्या अधिकाऱ्याशी कसलेही नाते नसे. चर्चच्या वहीची सोय झाली. वंशावळ लिहिणाऱ्यांची मात्र गैरसोय झाली.

आडनावांचे पोर्तुगालमधले अर्थ साधेच आहेत. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. परेरा हे नाशपतीच्या झाडावरून, सिल्वा हे रानावरून आले. म्हणजे तिकडेही बापाचे नाव, झाड आणि गाव यांच्यावरच काम भागले होते.

जुने आडनाव शोधावयाचे असेल, तर चर्चपेक्षा गावकारीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन व कारभार सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कागदांत पाहावे. गोव्यातल्या गावकाऱ्या पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेल्या आहेत. त्यांच्या रूढी पोर्तुगीजांनी १५२६च्या फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून घेतल्या. गावकारांचे ‘वांगड’, म्हणजे कुळगट, धर्मांतरानंतरही टिकले आणि कित्येक ख्रिस्ती गावकारांना आपला वांगड आजही ठाऊक असतो. शिवाय, गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या मंगळुरी ख्रिस्ती कुटुंबांनी प्रभू, कामत, पै, शेट ही आडनावे नव्या आडनावाबरोबर सांभाळली. आपल्या वडिलांच्या सांगण्यात तथ्य असण्याची शक्यता म्हणूनच बरीच आहे. नक्की काय ते वांगडाची नोंद सांगेल.

प्रश्न : पूर्वीच्या पिढीत दगडू, धोंडू, केरू, कचरू अशी नावे का ठेवत? मुलांना ती नकोशी वाटत नसत काय? — एक वाचक, फलटण

ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरातल्या पुढच्या मुलाला असे नाव मिळे. मूल गेल्यानंतर मूल होते, तेव्हा आईबाप मृत्यूला, सटवीला, दृष्टीला चकवू पाहत : हा काही आमचा लाडका नव्हे, हा धोंडा आहे, हा केर आहे, हा उकिरड्यावर सापडलेला आहे, याला नेऊन काय करणार? याच भीतीतून मुलाचे नाक टोचून त्याला नथ घालीत, तो नथू. शेजाऱ्यांकडून भिक्षा मागून आणलेल्या धान्यावर आणि अंगड्यावर ज्याला वाढवला, तो भिकू किंवा भिकाजी. ज्यांना ही नावे ओबडधोबड वाटतात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्या घरात याहून लाडके मूल दुसरे नसे. आणि नाव धोंडो असल्यामुळे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे काही अडले नाही.

‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ हे नाव मात्र या रांगेत बसवू नये. दगडूच्या नावात मूल हवे असते. नकुसाच्या नावात ते नको असते. मुलीमागून मुली झाल्या, की आता पुरे, यापुढे मुलगा व्हावा, म्हणून हे नाव ठेवीत. आपल्याच सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने ऑक्टोबर २०११मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींचे एका समारंभात पुन्हा नामकरण केले. शाळेच्या हजेरीत रोज आपलेच नाव ‘नको’ म्हणून ऐकणाऱ्या मुलीला नवे नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच घरात पुढची मुलगी जन्मल्यावर काय म्हणतात, हे कागदावरून कळत नाही.

प्रश्न : पत्रिकेनुसार आमच्या नातवाचे जन्माक्षर ‘ङ’ आले आहे. ‘ङ’वरून नाव कसे ठेवावे? — एक आजोबा, डोंबिवली

आपण एकटे नाही. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे एकशे आठ चरण मांडताना वर्णमालेतली अक्षरे ठरावीक पद्धतीने वाटली गेली आणि काही चरणांच्या वाट्याला नावारंभी न येणारी अक्षरे आली. आर्द्रेत ‘ङ’ येतो, हस्तात ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेत ‘ञ’. अशा वेळी त्याच नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचे अक्षर घेण्याचा प्रघात आहे. आर्द्रेला ‘कु’, ‘घ’ आणि ‘छ’ उपलब्ध आहेत. जन्माक्षरावरून ठेवलेले नावरस नाव पत्रिकेपुरते आणि संकल्पापुरते असते. पाळण्यात आत्या कानात जे नाव सांगेल, ते कोणत्याही अक्षरावरून असू द्यावे.

प्रश्न : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली पद्धत पुरातन आहे काय? आणि आता आईचे नाव कोठे लिहावयाचे? — एक वाचक, नाशिक

स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची रीत जुनी आहे. तिसरा भाग मात्र बराच नवा. बाजीराव बल्लाळ, माधवराव बल्लाळ या नावांत ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजीचा मुलगा. आडनावाची गरजच भासलेली नाही. मोडी कागदांत हिंदू शेतकऱ्याच्या नावापुढे ‘बिन’ लिहून बापाचे नाव येते, मुसलमानाच्या नावापुढे ‘वलद’ येते आणि स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे. खुणेसाठी गाव, पद किंवा धंदा हवा तेव्हा लावीत, नको तेव्हा सोडून देत. एकाच माणसाची दोन कागदांत दोन आडनावे आढळली, तर त्यात लबाडी शोधू नये.

आडनावे घट्ट झाली इंग्रजी अमदानीत, प्रामुख्याने शाळेच्या आणि सरकारी नोकरीच्या नोंदींमुळे. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामावरून ते फुले झाले आणि पुढे तेच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. शाळेत नाव घालताना गावावरून आंबडवेकर लागले आणि त्याचे आंबेडकर पुढे शाळेतच झाले.

बायकांच्या वाट्याला या पद्धतीत लग्नानंतर बदल येई. लग्नात नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिही आणि त्या दिवसापासून नाव, मधले नाव व आडनाव ही तिन्ही बदलत. माहेरचे नाव ठेवणाऱ्या स्त्रियांची संख्या आता वाढली असली, तरी बँकेत, पासपोर्ट कार्यालयात आणि मुलांच्या शाळेत त्यांना अजूनही प्रतिज्ञापत्रे जोडत बसावे लागते.

आईच्या नावाबाबत महाराष्ट्र शासनाचा निर्णय स्पष्ट आहे. मार्च २०२४मध्ये मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. आपल्या घरातले बाळ त्यानंतरचे असेल, तर जन्मदाखल्याचा अर्ज भरतानाच हा क्रम तपासावा. आईचे नाव दाखल्यावर ज्या वर्णांत छापले जाईल, तसेच ते आईच्या आधारपत्रावर आहे ना, हेही पाहून घ्यावे.